मुदतीचा नवरा

हैदरअली आगांनी पहिल्याच दिवशी मला नानकटाई फेकून मारली.

मी त्यांच्या उजव्या गुडघ्याखाली हात घालायला वाकले होते. त्यांना मला ढकलून द्यायचं होतं, पण ढकलायचं तर हात लावावा लागला असता, आणि परक्या बाईला हात लावायचा नाही यावरूनच तर सगळं भांडण चाललं होतं. तेव्हा बशीत जे हाताशी लागलं ते त्यांनी उचललं. नानकटाई माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या कपाटावर आपटून फुटली. त्यांची बहीण कुलसुम अम्मे दारात उभी होती. तिनं आधी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कालची होती," ती म्हणाली. "आजची असती तर एवढी वाजली नसती."

मी बॅग उचलली आणि जिना उतरले. खाली त्यांची बेकरी होती. भट्टीवरच्या बबननं माझा चेहरा बघून काही न विचारता एक गरम पाव कागदात गुंडाळून दिला.

हे पाचगणीचं. आम्ही इराणी. आमचे पणजोबा यज्दहून निघाले आणि कसे कोण जाणे, पसरणीचा घाट चढून इथे येऊन राहिले. घरात उरलीसुरली फारसी, बाकी सगळं मराठी. आमची पाच-सहाच घरं, त्यामुळे सगळे सगळ्यांचे काहीतरी लागायचे किंवा लागत असल्यासारखे वागायचे. हैदरअली आगा त्यात वयानं मोठे, शहात्तरचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मस्कतला. धर्माच्या बाबतीत फार काटेकोर. बेकरीत बाई गिऱ्हाईक आली तर सुटे पैसे हातात न देता काचेवर ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. लहानपणी आम्हा मुलींना वाटायचं, त्यांना आम्ही आवडत नाही. पण पैशांशेजारी एक बिस्किट नेहमी ठेवलेलं असायचं.

त्या वर्षी ते भट्टीसमोर सांडलेल्या मैद्यावरून घसरले आणि कंबरेचं हाड मोडलं. साताऱ्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की रोज व्यायाम झाला नाही तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. आणि वाईपासून महाबळेश्वरपर्यंत फिजिओथेरपिस्ट म्हणावी अशी त्या काळात मी एकटी. वय चौतीस, घटस्फोट झालेला, आईजवळ राहणारी. साताऱ्याहून एक गृहस्थ दोनदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा घाट चढायला तयार होईनात.

मौलानांना फोन झाला. पुण्याचे मौलाना सय्यद बाकर नुकतेच इराणातल्या कुमहून धर्मशास्त्र शिकून आलेले, तरुण. ते म्हणाले, उपचार करणारी बाई आहे, दुसरा इलाज नाही, काही हरकत नाही. आगा म्हणाले, दुसरा इलाज आहे, साताऱ्याला एक पुरुष आहे. मग साताऱ्याला राहायला जा, असं अम्मे म्हणाली. आगा म्हणाले, भट्टी सोडून मी कुठेही जाणार नाही. असं ते गोल गोल फिरत राहिलं आणि आगा अंथरुणात पडून राहिले.

आठवडाभरानं अम्मेनं मला बोलावणं पाठवलं. आगा झोपले होते. तिनं मला स्वयंपाकघरात बसवलं, पुदिना घातलेला चहा दिला आणि माझ्याकडे न बघता, भांडं घासता घासता, एक तोडगा सुचवला. तो ऐकून चहा माझ्या नाकात गेला.

आमच्या शिया पंथात मुता नावाचा एक निकाह आहे. त्याची मुदत आधीच ठरते, नवऱ्यानं बायकोला द्यायचा मेहर ठरतो, आणि मुदत संपली की तो आपला आपण संपतो. तलाक लागत नाही. बाकीचे मुसलमान तो मानत नाहीत. आमच्यातही बायका तो शब्द खालच्या आवाजातच उच्चारतात, कारण त्याच्या आडून पुरुषांनी काय काय केलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण अम्मेचं म्हणणं वेगळंच होतं. तिच्या आजीच्या वेळी लांबच्या यात्रेला निघालेली विधवा बाई आणि सोबतचा म्हातारा नातलग असा निकाह लावून घ्यायचे. नवरा-बायकोसारखं राहायचं नाही ही त्यातली पहिली अट. एवढ्यानं दोघं एकमेकांना महरम व्हायची, म्हणजे पडदा नको, वाटेत ताप आला तर डोक्याला हात लावायला मोकळीक.

"तीन महिन्यांसाठी," अम्मे म्हणाली. "तेवढ्यात तो चालायला लागेल."

मी कप खाली ठेवला आणि तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बोलावण्याचं हे कारण आहे हे माहीत असतं तर मी जिना चढलेच नसते. अम्मेनं सगळं ऐकून घेतलं आणि भांडं फडताळात ठेवलं.

"मला पण आवडलेलं नाही," ती म्हणाली. "पण माझ्यानं तो उचलवत नाही."

घरी जाऊन आईला सांगितलं. माझी आई रबाब, तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती उठून खिडकी लावून आली. मग तिनं हळू आवाजात मला सुनावलं, की एकदा लग्न मोडून घरी आलेली पोर आहेस, आता मुदतीवर लग्न केलंस तर बाजारातून जायची सोय राहणार नाही. शिवाय तो माणूस तिच्या मोठ्या भावापेक्षाही थोराड. मी म्हटलं, मी नाही म्हणूनच आले आहे. तर ती म्हणाली, मग मला सांगितलंस तरी कशाला. त्या संध्याकाळी तिनं भात करपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आगांना तोंडावर नाही सांगायला गेले. दार उघडंच होतं. अम्मे दूध आणायला गेलेली, आणि आगा जमिनीवर. पलंगाला पाठ टेकून बसले होते, पाय पुढे पसरलेले, टोपी पलंगाखाली गेलेली. स्वतःच उठून खिडकीपर्यंत जायचा प्रयत्न केला होता. मी धावले, तसा त्यांनी तळहात वर केला.

"हात लावू नकोस, दुख्तर," ते म्हणाले. आमच्यात पोरीला अशीच हाक मारतात.

लागलंय का एवढं मी लांबूनच विचारलं. नाही म्हणाले. मी खिडकीतून बबनला हाक मारली, तर तो पाव पोचवायला शाळांच्या बाजूला गेलेला. म्हणून मग मीही त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. दुसरं काय करणार? एक फिजिओथेरपिस्ट आणि एक पडलेला पेशंट, दोघं समोरासमोर बसून बबनची वाट बघतोय. मला राग येत होता आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं की अम्मेच्या डोक्यातलं ते त्यांना माहीत आहे का. त्यांचे कान लाल झाले. माहीत होतं. त्यांनी बहिणीला सांगितलं होतं की त्या पोरीला असं विचारून तिचा अपमान करू नकोस. मी म्हटलं, तिनं विचारलं. ते म्हणाले, मग मी माफी मागतो. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाली भट्टी पेटते त्याचा वास येतो सकाळी. मला जिना उतरता येत नाही. मी असाच वर मरणार, याची मला भीती वाटते."

मी तोवर कुणाही म्हाताऱ्या पुरुषाच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. आमच्यातले पुरुष रागावतात. घाबरत नाहीत, किंवा घाबरले की रागावतात. मी नाही सांगायला आले होते, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"अटी माझ्या असतील," मी म्हटलं. "सगळ्या."

बबन आला तेव्हा आम्ही मेहरवरून भांडत होतो. मला पैसे नको होते, फी मी घेणारच होते. मी मेहर म्हणून त्यांच्या बेकरीच्या नानकटाईची कृती मागितली. महाबळेश्वरला जाणारे लोक त्या नानकटाईसाठी गाडी थांबवायचे. कृती त्यांनी बबनला अर्धीच दाखवलेली, मुलाला तर मुळीच नाही. आगा जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले की याच्यापेक्षा बेकरी माग. मी म्हटलं, बेकरी मला नको. बबननं त्यांना काखेत धरून उचललं, आणि हवेत लोंबकळत असतानाच ते म्हणाले, "ठीक आहे. पण लिहून घ्यायची नाही. तोंडपाठ कर."

मौलाना सय्यद बाकर शुक्रवारनंतर आले. एसटीनं आले, आणि घाटात त्यांना गाडी लागली. पांढरेफटक होऊन ते जिना चढले, निकाहाला आलेत की स्वतःच उपचार करून घ्यायला, ते कळेना. अम्मेनं लिंबूसरबत दिलं. थोडा रंग आल्यावर त्यांनी आधी मला एकटीला दुसऱ्या खोलीत नेऊन विचारलं, कुणाची जबरदस्ती आहे का, मला हे समजलंय का, नको असेल तर ते स्वतः बाहेर जाऊन नाही सांगतील. इतकं नीट मला आधी कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, समजलंय.

मग अटी झाल्या. अम्मे खोलीत असल्याशिवाय मी यायची नाही. उपचारापलीकडे कसलाही संबंध नाही. व्यायामाच्या वेळी आगांनी तक्रार करायची, पण थांबायचं नाही. मला कुणापुढेही बायको म्हणायचं नाही. खाण्याची वस्तू फेकायची नाही. या शेवटच्या अटीवर मौलानांनी भुवया वर केल्या, तेव्हा अम्मेनं त्यांना कपाटावरचा डाग दाखवला.

"एक गोष्ट सांगणं माझं काम आहे," मौलाना म्हणाले. "खुदा न करो, पण मुदतीच्या आत आगांचं काही बरंवाईट झालं, तर ताहेरा खानुमना चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी लागेल. विधवेसारखी. निकाह कसलाही असो, त्यातून सुटका नाही."

अम्मे रडायला लागली. मी आगांकडे बघितलं.

"मग आणखी एक अट. या तीन महिन्यांत तुम्ही मरायचं नाही."

मौलाना गंभीरपणे म्हणाले की अशी अट घालता येत नाही, कारण ती पाळणं माणसाच्या हातात नाही. आगांनी टोपी सारखी केली. "अटीत नको घालू," ते म्हणाले. "मी प्रयत्न करतो."

या निकाहात वाक्य बाईनं बोलायचं असतं. मी स्वतःला तुमच्या निकाहात दिलं, ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मेहरवर. मौलानांनी अरबी शब्द एकेक करून सांगितले आणि मी ते म्हटले. माझ्या पहिल्या लग्नात माझ्या वतीनं काकांनी बोलून टाकलं होतं. मी पडद्यामागे मान हलवली होती, आणि ती हलवलेली कुणी पाहिली की नाही तेही मला माहीत नाही. आता माझाच आवाज त्या खोलीत ऐकू येत होता आणि तो जरा जास्तच मोठा होता. आगा म्हणाले, "कबूल." मग कुणाला काय करावं सुचेना. अम्मेनं सगळ्यांना नानकटाई दिली. मी हात धुतले आणि नवऱ्याचा उजवा पाय उचलला. तो बोंबलला.

पुढचे दोन महिने आम्ही भांडलो. रोज सकाळी मी जायचे, अम्मे खुर्चीत बसून तसबीची माळ फिरवायची, आणि आगा व्यायाम करताना फारसीत, हिंदीत आणि वाईच्या बाजारातल्या मराठीत मला नावं ठेवायचे. मध्येच श्वास लागला की कृती सांगायचे. तूप किती फेसायचं, वेलची कशात घोटायची, मळलेलं पीठ किती वेळ स्वस्थ ठेवायचं. मी पाय वाकवत पाठ करायचे. चुकले की ते पाय ताठ करून बसायचे. पंधरा दिवसांत ते पलंगाच्या कडेला बसू लागले, मग वॉकर धरून उभे राहू लागले. पहिल्यांदा खिडकीशी पोचले तेव्हा त्यांनी खाली वाकून बबनला हाक मारली आणि भट्टीत लाकूड ओलं घातल्याबद्दल शिव्या दिल्या. बबन रस्त्यात उभा राहून हसत होता.

एकदा पाऊस लागला म्हणून त्यांना कंटाळा आला. मला म्हणाले, आज नको, नवरा म्हणून सांगतो. मी म्हटलं, नवऱ्याचं ऐकायचं अशी अट आपण घातलेली नाही. अम्मे तसबी थांबवून म्हणाली, "खरं आहे, मी होते." ते गप उठले.

बाजारात अर्थातच कळलं होतं. भाजीवाली सीताबाई मला विचारायची, तुमचे मालक कसे आहेत, आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावायची. मला वाटलं होतं तेवढी मी शरमेनं मेले नाही. आई मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आगांची चौकशी तिनं एकदाही केली नाही. ती रस्त्यानं जाताना बेकरीसमोर डोक्यावरची चादर आणखी पुढे ओढून घ्यायची, जसं काही आगा वरच्या खिडकीतून तिलाच बघत असतील.

तिसरा महिना निम्मा झाला आणि आगांना ताप आला. आधी साधा खोकला, मग छातीत कफ. त्यांना वाईच्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया, वय झालंय, चोवीस तास बघू. मुलाला मस्कतला फोन गेला. मी तिथेच थांबले. व्यायाम नव्हता, पण पाठीवर थापटून कफ सुटायला मदत करायची होती, ते मला येत होतं.

दुपारी आई आली. डबा घेऊन आली होती, माझ्यासाठी. दारातच उभी राहिली, आत येईना. आगांनी डोळे उघडले, ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि मौलानांना बोलवा म्हणाले. अम्मेला हुंदका फुटला. सगळ्यांना वाटलं, शेवटचा कलमा म्हणायचाय.

मौलाना कसलीशी जीप पकडून पुण्याहून आले. आगांनी त्यांना जवळ बोलावलं. बोलताना धाप लागत होती, म्हणून थांबत थांबत त्यांनी विचारलं, की मुदत संपायच्या आधी बाईला मोकळं करायचं तर काय करायचं असतं. मौलाना म्हणाले, नवऱ्यानं राहिलेली मुदत तिला बक्षीस द्यायची. तेवढं म्हटलं की झालं. साक्षीदारही लागत नाहीत.

"तिला विचारावं लागतं?"

"नाही. पण सांगितलेलं चांगलं."

आगांनी मान माझ्याकडे वळवली. "प्रयत्न केला," ते म्हणाले. "जमेलसं दिसत नाही. माझ्यासाठी तू चार महिने कोपऱ्यात बसायचं काही कारण नाही." मग छतावरच्या पंख्याकडे बघत, मोठ्यानं म्हणाले, "राहिलेली मुदत मी ताहेराला बख्शली." आणि नळी परत नाकाला लावून डोळे मिटले.

बस, एवढंच. मी त्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला, कारण आता तो ठेवायचा की नाही ते मला कळेना.

मागे दारात काहीतरी वाजलं. आईच्या हातातला डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज होता तो. ती भिंतीला टेकली होती आणि चादरीचं टोक तोंडात धरलं होतं.

"एवढंच असतं होय?" ती म्हणाली. "एवढंच?"

मला सोडायला माझ्या पहिल्या नवऱ्यानं वर्षानुवर्षं लावली होती. तो मला नांदवतही नव्हता आणि तलाकही देत नव्हता. आई दर थोड्या दिवसांनी पुण्याची गाडी पकडायची, कॅम्पातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसायची. आत बोलावलं तर आत, नाही बोलावलं तर बाहेर. कधी फळं न्यायची, कधी मौलाना न्यायची, कधी नुसतीच. तो म्हणायचा, विचार करतो. त्याची आई म्हणायची, आमच्यात असं एकदम होत नसतं, फार गुंतागुंत असते. शेवटी त्यालाच दुसरं लग्न करून परदेशी जायचं होतं म्हणून त्यानं मला सोडलं. त्या सगळ्या फेऱ्यांबद्दल आई माझ्याशी कधी बोलली नाही. मला वाटायचं, तिला माझी लाज वाटते. त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवर बसून ती जे रडली, त्यात लाज नव्हती. ती रागानं रडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघींनी डब्यातला भात खाल्ला. मध्येच तिनं विचारलं, "वाक्य काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

आगा अर्थातच मेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातला पाव खाऊन डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि हा कुठल्या बेकरीतला ते विचारलं. आठवड्यात ते पाचगणीला परत आले, अशक्त, पण तोंड पहिल्यासारखं. मी दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळी गेले, बॅग ठेवली, आणि त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

मी बघतच राहिले. "आगा, आता काय झालं?"

"तू परकी आहेस," ते म्हणाले. "मी तुला सोडलंय."

मी अम्मेकडे बघितलं, अम्मेनं छताकडे. तापामुळे त्यांची ताकद निम्म्यानं गेली होती, अजून महिनाभर तरी कुणीतरी धरून चालवायला हवं होतं, नाहीतर सगळं पाण्यात. बबनला भट्टी आणि पाव पोचवणं सोडून रोज तेवढा वेळ वर थांबता येत नव्हतं. अम्मेनं घाबरत घाबरत पुन्हा एकदा निकाह करण्याचा विषय काढला. आगा म्हणाले, एकदा मोकळं केलं ते केलं, मी काय दुकान मांडलंय का. खरं सांगायचं तर मलाही पुन्हा नको होतं. न मागता मिळालेली मोकळीक मला काही दिवस तशीच ठेवायची होती.

मौलाना प्रकृती बघायला आले तेव्हा हा पेच त्यांच्यापुढे मांडला. या वेळी आईही माझ्याबरोबर आली होती. दवाखान्यातल्या त्या दुपारनंतर ती येऊ लागली होती, पण चादर लपेटून, दाराजवळच्या स्टुलावर, आगांकडे पाठ करून बसायची. मौलानांनी सरबताचा ग्लास ठेवला आणि आधी मेहरचा प्रश्न काढला. असा निकाह मधेच संपला तर बाईनं निम्मा मेहर परत करायचा असतो. कृती तर मी पूर्ण शिकले होते. निम्मी विसरायची कशी, यावर ते बराच वेळ खरोखर विचार करत बसले. शेवटी आगांनी वैतागून निम्मीही बक्षीस देऊन टाकली.

मग मौलाना दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "धरून चालवायला महरम बाई तर आहे की या खोलीत."

"मी?" अम्मे म्हणाली. "माझ्यानं नाही होत हो."

"तुम्ही नाही. रबाब खानुम." ते स्टुलाकडे बघून अदबीनं म्हणाले. "बायको मुदत संपली की परकी होते. पण बायकोची आई कायमची महरम. निकाह एका दिवसाचा असला तरी सासू ती सासूच. ते नातं काही केल्या मोडता येत नाही."

आगांचे कान लाल झाले. आई पाठ करूनच बसली होती. तिची पाठ एकदम ताठ झाली, तेवढं मला दिसलं. तीस वर्षं ती या माणसापुढे चादर ओढून चालली होती. काचेवर ठेवलेले सुटे पैसे उचलून घेत आली होती. या निकाहाला सगळ्यात जास्त विरोध तिचा. आणि आता त्या निकाहातून जे काही शिल्लक उरलं होतं, ते नेमकं तिच्याच वाट्याला आलं होतं.

मला वाटलं, ती उठून जाईल. ती उठली. चादर काढली, घडी घातली, स्टुलावर ठेवली. मी तिचे केस किती पांढरे झालेत ते पहिल्यांदाच दिवसाउजेडी पाहत होते. ती पलंगापाशी गेली.

"कुठे धरायचं ते सांग," ती मला म्हणाली.

मी लांब उभी राहून सांगितलं. काखेखाली एक हात, कंबरेला दुसरा, वजन तुझ्या मांडीवर घे, ओढू नकोस. माझी आई साठीची, आगा शहात्तरचे. तिनं त्यांना एका दमात उभं केलं. ते वॉकर धरून, डोळे जमिनीला लावून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले.

"खानुम, तुम्हाला त्रास," ते पुटपुटले.

"बोलू नका, धाप लागेल," आई म्हणाली.

महिन्याभरानं ते जिना उतरले. मी त्यानंतर पुण्याला नोकरी धरली, नंतर तिथेच स्वतःची जागा घेतली. दुसऱ्यांदा लग्नही केलं, साध्या, बिनमुदतीच्या निकाहानं. आगा त्यानंतर आणखी नऊ वर्षं जगले. मी पाचगणीला आले की संध्याकाळी बाजारात ते दोघं दिसायचे, आई त्यांच्या कोपराला धरून, आगा काठी टेकत, चढावर हळूहळू. लोक आता हसत नव्हते, बाजूला होऊन वाट द्यायचे. एकदा मी मागून चालत होते, त्यांना माहीत नव्हतं. चढ संपायच्या जरा आधी आगा थांबले आणि पाय दुखतोय म्हणाले, इथेच बसू या.

आईनं हात सोडला नाही.

"जावईबापू," ती म्हणाली, "पाय उचला."